मुंडीचा मान

कोपरी, ठाणे (पूर्व)
१८ जून २०२४

नाथादादांना नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून लिहीत आहे. तक्रार नाही. फोनवर मलाही धड बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आई बऱ्या आहेत. आधी घराबाहेर पडत नव्हत्या, आता संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसतात. आमची प्राची कामावर जाते. माझी शाळा सुरू झाली, ऑफिसात प्रवेशाची गर्दी आहे आणि ते एका परीने बरं आहे. गेल्या वर्षी जत्रेनंतर माझ्या दाढेचा तुकडा उडाला होता, ती दाढ आता काढायला सांगितली आहे. एवढंच आमच्याकडचं.

काल बकरी ईद झाली. या दिवसांत तुम्हाला दरवर्षी जेवायला उसंत नसते. तुमच्या गावचा गोविंदा भाजीचा टेम्पो घेऊन कोपरीत येतो, त्याच्याकडून कळलं की यंदा व्यापारी तुमच्या गोठ्याकडे फिरकलेच नाहीत. तो म्हणाला, "वहिनी, गावात पोरं दादाच्या बोकडांना येडे बोकड म्हणतात." मग त्यालाच वाटलं की हे बोलायला नको होतं. कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून, पैसे न घेता निघून गेला.

ह्यांच्या दहाव्याच्या दिवशी जे झालं ते तुमच्या डोक्यातून गेलं नसणार. माझ्याही नाही. पिंडाला कावळा शिवत नव्हता, सगळे उन्हात ताटकळले होते, आणि मयूरने मोबाइल काढला. त्याला काहीही झालं की शोधून काढायची सवय आहे. तुमचा भाचा असला तरी त्या दिवशी तो साहेबासारखा वाचत होता. मेंढ्यांना आणि शेळ्यांना स्क्रेपी नावाचा मेंदूचा रोग होतो. जनावर खांबाला अंग घासत राहतं, थरथरतं, चालताना झोकांड्या खातं आणि मरतं. रत्नदीपमामाला झाला तो रोग याच जातीचा. मग कोणाला तरी आठवलं की तुमची चंद्री गोठ्याच्या खांबाला अंग घासून घासून केस घालवून बसली होती. कोणी म्हणालं, जत्रेला कापलेला बोकड चंद्रीचाच. आणि मयूर म्हणाला, "मटण आपण सगळ्यांनी खाल्लं. मुंडी एकट्या मामाकडे गेली."

त्यानंतर आई जे ओरडल्या ते मी पुन्हा लिहिणार नव्हते, पण लिहिते, कारण ते आपण दोघांनीही ऐकलं आहे. "नाथ्या, तुजे बोकरानं नेला माजा पोर! तूच दिलीस ना त्याला मुंडी? तूच दिलीस!"

तुम्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच निघून गेलात. मी तिथेच होते. मी काही बोलले नाही. त्या दिवशी मला भान नव्हतं असं समजा.

एक विचारायचं आहे. चंद्री कशी आहे? आहे ना? तुमच्या जागृतीला सांगा, ती प्राचीला कळवेल.

वहिनींना नमस्कार.

नीला


कोपरी
१४ ऑगस्ट २०२४

नाथादादांना नमस्कार.

जागृतीचा फोन आला. चंद्रीला दोन करडं झाली म्हणाली, एक पांढरं आणि एक आईसारखं कपाळावर चांद असलेलं. गुरांच्या डॉक्टरांनी मागेच तिला खरजेचं औषध लावलं होतं आणि केस कधीच परत आले, असंही म्हणाली. ऐकून बरं वाटलं. मी आणखी काही लिहिणार होते, पण ते राहू दे.

ह्यांचं आजारपण तुम्ही शेवटचंच पाहिलंत. सुरुवात कशी झाली ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून सांगते. खोपटच्या एसटी डेपोत इतकी वर्षं काढली, कुठली गाडी कुठे लागणार हे ह्यांना झोपेत पाठ. दिवाळीनंतर एकदा घरी येऊन म्हणाले, "आज मी भिवंडीची गाडी दोनदा सोडली." स्वतःच हसले. मग आपल्या इमारतीचा जिना एका बाजूला कललाय म्हणायला लागले. कुकरची शिट्टी झाली की सगळ्या अंगाला झटका बसायचा. मी कुकर लावायचं बंद केलं, भात पातेल्यात करू लागले. जानेवारीत प्राची कामावरून आली तर तिला म्हणाले, "या बसा. कोणाकडे आलात?" ती हसली. मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली.

तुम्ही आलात तेव्हा हे कोणालाच ओळखत नव्हते. पण तुम्ही पायाशी बसून पाय चेपत होता, तेव्हा झटके कमी व्हायचे. नर्सच्याही ते लक्षात आलं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

रोगाचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर सीजेडी म्हणतात. मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि शेजारच्याला तसंच दुमडायला लावतं. औषध नाही. डॉक्टरबाईंनी मला एकटीला बसवून सगळं समजावलं होतं. सगळंच लक्षात राहिलं असं नाही.

आता दुसरी गोष्ट. प्राचीचं जमतंय. मुलगा सर्वेश, तिच्याच ऑफिसात आहे, राहायला डोंबिवलीला. त्याचे आईवडील रविवारी येऊन गेले. वर्ष झाल्याशिवाय काही करायचं नाही हे त्यांनाही मान्य आहे. माणसं चांगली आहेत. पण पोहे खाता खाता सर्वेशच्या आईने विचारलं, "काय झालं होतं हो ह्यांना?" मी सांगितलं, मेंदूचा आजार. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मेंदूचा? म्हणजे घराण्यात कोणाला आहे का असं?"

मी उत्तर द्यायच्या आत आई आतून म्हणाल्या, "घरान्यात काय नाय आमचे. बोकराची मुंडी खाल्लान, त्यानी झाला. मोठे पोराचा बोकर."

मग मला मुंडीची रीत समजावून सांगावी लागली. जत्रेला गावदेवीला बोकड देतात. ज्याने बोकड पाळला त्याने मुंडी खायची नसते, ती धाकट्या भावाच्या घरी नव्या टॉवेलखाली झाकून, नारळ ठेवून पाठवायची. तो मान. सर्वेशचे वडील बायकोला म्हणाले, "तरी तुला सांगतो, भेजा आणत जाऊ नको."

"मी कधी आणला? रविवारी पिशवी घेऊन पळता ते कोण?"

सगळे हसले. त्यांनी बशी परत उचलली. मीही सगळ्यांना अजून थोडा चहा ओतला.

दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी त्या दिवशी एकही वाक्य खोटं बोलले नाही.

नीला


कोपरी
१० ऑक्टोबर २०२४

नाथादादांना नमस्कार.

काल प्राची आणि जागृती टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या. रांगेत पुष्कळ वेळ गेला, म्हणून पुष्कळ बोलणं झालं. प्राची घरी आली ती माझ्याशी न बोलता आधी आजीच्या पलंगावर जाऊन बसली. मग म्हणाली, "आई, काका आता मटण खात नाहीत. गोठ्यातला तो खांब त्यांनी उपटून जाळला. काकीला म्हणतात, माझ्याच हातनं झालं."

मला इतके दिवस वाटत होतं की तुम्ही रागावला आहात. आईंवर, मयूरवर, माझ्यावर. राग मी समजू शकत होते. तुम्ही हे खरं मानून बसला आहात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दादा, असं मनात आणू नका. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मी आता नीट आठवून लिहिते. मी त्यांना चंद्रीचं विचारलं होतं. ह्यांच्या आजाराचं नाव कळलं त्याच आठवड्यात विचारलं होतं, मयूरने मोबाइल काढायच्या कितीतरी आधी. त्या म्हणाल्या, स्क्रेपी हा आजार खरा आहे आणि तो याच जातीचा आहे. पण परदेशात दोन-अडीचशे वर्षं माणसं असल्या मेंढ्यांबरोबर राहिली, त्यांचं मांस खाल्लं, आणि त्यातून माणसाला हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही. गाईंच्या एका रोगातून माणसांना झाला होता, ते वेगळं प्रकरण, इंग्लंडातलं. आणि दुसरं म्हणजे, स्क्रेपी झालेलं जनावर वाचत नाही. काही महिन्यांत जातंच. औषध लावून त्याचे केस परत येत नाहीत आणि पुढच्या वर्षी ते दोन करडं देत नाही.

चंद्रीला खरूज होती. खरूज झाली की कोणतीही शेळी खांबाला अंग घासते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमचं अर्धं आयुष्य शेळ्यांत गेलं आहे.

हे मी दहाव्याला का बोलले नाही असं तुम्ही विचाराल. आत्ता त्याचं उत्तर देता येणार नाही. पण हे पत्र वहिनींना आणि जागृतीलाही वाचायला द्या. आणि जेवायला लागा.

आईंना मी हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "डाक्टरीन काय बोकर पालते क?"

नीला


कोपरी
२७ फेब्रुवारी २०२५

नाथादादांना नमस्कार.

सोमवारी वर्षश्राद्ध झालं. तुमचं पान वाढून ठेवलं होतं. आईंनी ते पाहिलं, पण उचलायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोविंदाने सांगितलं की तुम्ही त्याच्याबरोबर आला होतात. आमच्या गेटपाशी टेम्पोतच बसून राहिलात. तो वर चला म्हणाला तर तुम्ही म्हणालात, "मी गेलो तर म्हातारी जेवायची नाय." वॉचमनकडे ठेवलेल्या वालाच्या शेंगा तुमच्याच होत्या, हे मला त्याआधीच कळलं होतं. त्या शेंगा ह्यांच्याशिवाय कोणी एवढ्या आवडीने खात नसे. त्या दिवशी त्या नैवेद्यात केल्या.

गोविंदाकडूनच कळलं की पाडव्याच्या आत तुम्ही सगळ्या शेळ्या एकाच व्यापाऱ्याला देऊन टाकणार आहात, चंद्रीसकट. जत्रेला तुमच्या घरचा बोकड असणार नाही. आणि माझ्या मागच्या पत्रावर तुम्ही जागृतीला काय म्हणालात तेही कळलं. "नीला शिकलेली आहे, मला बरं वाटावं म्हणून लिहिते. पण मुंडी मी दिली, त्याने खाल्ली, त्याला झालं. पुस्तकात काही का असेना."

तेव्हा पुस्तकातलं राहू दे.

दादा, ती मुंडी ह्यांनी खाल्ली नाही. मी खाल्ली.

ह्यांच्या हृदयात स्टेंट घातली ते तुम्हाला आठवत असेल, करोनाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, भेजा, कलेजी, मुंडी, पाया सगळं बंद. हे घाबरट होते, लगेच बंद केलं. पण जत्रेला तुमच्याकडून टॉवेलखाली झाकलेली परात आली. ती परत कशी पाठवायची? मी म्हटलं, दादांना सरळ सांगा. हे म्हणाले, "दादाला सांगितलं तर तो मान दुसऱ्या कोणाला तरी देईल, आणि वर्षभर त्याच्या मनाला लागून राहील." पहिल्या वर्षी म्हणाले, मागच्या गल्लीतल्या मांजरांना घालू. देवीचा प्रसाद मांजरांना कसा घालायचा? प्राची तर मुंडीचं नाव काढलं तरी तोंडावर हात धरते. आई जत्रेला तुमच्याकडेच असायच्या. म्हणून ओट्याजवळ उभी राहून मीच तो भेजा खाल्ला. बायकांनी मुंडी खायची नसते हे मला माहीत होतं.

मला आवडला. खोटं कशाला बोलू? कांदा, लसूण, थोडी मिरपूड घालून भेजा परतला की असा मऊ होतो. पुढच्या वर्षी मी वाट बघत होते. ह्यांना मी त्या दिवशी भेंडीची भाजी वाढायचे. जेवून झालं की हे गॅलरीत जाऊन तुम्हाला फोन लावायचे. "दादा, मस्त झालेला हं." आणि तुम्ही काही विचारलंत तर फोनवर हात ठेवून मला विचारायचे, "अगं, बोकड जून होता का?" मी मान हलवायचे. असं तीन जत्रा चाललं. चंद्रीचा बोकड त्यातलाच शेवटचा. ज्या वर्षांत ह्यांनी खाल्ली त्या वर्षांत चंद्री जन्मलेलीही नव्हती.

मी जिवंत आहे म्हणून काही सिद्ध होत नाही, हे मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं आहे. पण ह्यांनी ते खाल्लंच नव्हतं, यावर कोणाला काही बोलता येणार नाही.

आता मी गप्प का राहिले ते. हे लिहायला मी वर्ष लावलं आहे, म्हणून सरळ लिहिते.

डॉक्टरबाईंनी दोन कारणं सांगितली होती. बहुतेकांना हा आजार कशानेच होत नाही. म्हणजे आपोआप होतो, कोणाचा दोष नसतो. थोड्या लोकांत मात्र तो रक्तातून येतो, आईबापाकडून मुलाकडे. ह्यांच्या रक्ताचा नमुना त्यांनी ठेवलेला आहे. घरच्यांनी हो म्हटलं तर तपासता येईल, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही.

त्यानंतर दहाव्याला मयूरने मोबाइल काढला. सगळे बोकडाबद्दल बोलायला लागले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता प्राचीबद्दल कोणी विचारणार नाही. हे गेल्याला दहाच दिवस झाले होते आणि मी हा विचार करत होते. बोकडाचं नाव पुढे होतं तोवर रक्ताचं नाव कोणी काढत नव्हतं. डोंबिवलीच्या बाईंनी बशी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली, ती तुमच्या जिवावर.

तुम्ही चिडला असतात, आईंशी भांडला असतात, तर मी कदाचित आणखी काही वर्षं अशीच काढली असती. तुम्ही खांब जाळलात. तुम्ही माझ्या गेटपाशी येऊन टेम्पोत बसून राहिलात.

तुमच्या डोक्यावरचं एक ओझं काढताना मी दुसरं ठेवते आहे, हे मला कळतं. रक्ताचं असलं तर प्रश्न एकट्या प्राचीचा नाही. तुम्ही सख्खे भाऊ. जागृतीही आहे. याची भीती वाटायची तर वाटू दे, ती निदान खरी तरी आहे.

शेळ्या विकू नका.

नीला


कोपरी
१ एप्रिल २०२५

नाथादादांना नमस्कार.

माझं पत्र वाचून झाल्यावर तुम्ही उठून गोठ्यात गेलात, असं जागृती म्हणाली. चंद्रीशेजारी बसून राहिलात. मग घरात येऊन वहिनींना एवढंच म्हणालात, "रत्न्या भेंडी खायचा?" आणि हसलात, आणि मग तुम्हाला हसू आवरेना आणि रडूही. जागृती सांगताना स्वतःच रडत होती, म्हणून मला नीट कळलं नाही की तुमचा विश्वास बसला की नाही. ती म्हणाली, बाबा अजून विचारतात, नीलाकाकीने खरंच खाल्ला का, की मला सोडवायला सांगते. त्याचं उत्तर खाली लिहिते. आधी इकडचं.

प्राचीला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आई, तू खायचीस? आणि पप्पा भेंडी? आणि मला वाटायचं त्या दिवशी पप्पा मूडमध्ये नसतात." मग म्हणाली, "तू माझ्यासाठी केलंस असं काकांना लिहू नकोस. मी तुला सांगितलं नव्हतं." ते बरोबर आहे. म्हणून इथे तसं लिहीत नाही.

तिने सर्वेशला सांगितलं. तो दोन दिवस ऑफिसात तिच्याशी कामापुरतं बोलला, मग म्हणाला, रिपोर्ट येऊ दे, नाही आला तरी चालेल. त्याच्या आईचा मात्र फोन आला. आवाज चढवला नाही. "तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं, ताई. आता आम्हाला थोडं थांबू द्या." मी हो म्हटलं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. जमेल की नाही, मला सांगता येत नाही.

ह्यांचा नमुना तपासायला मी सही दिली आहे. अहवाल यायला वेळ लागेल. त्यात काही निघालं तरच पुढे प्राचीने आणि तुम्ही ठरवायचं, तपासायचं की नाही. कोणी कोणावर जबरदस्ती करायची नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मलाही तेच वाटतं. पण अहवाल काहीही येवो, त्यात तुमच्या बोकडाचं नाव नसणार. म्हणून मी त्याच्यासाठी थांबले नाही.

मयूरला फोन केला. तो म्हणाला, "मामी, मी फक्त वाचून दाखवलं." मी म्हटलं, तेच आता जत्रेला सगळ्यांसमोर येऊन वाचून दाखव, त्याच पानावर खाली लिहिलंय की माणसाला होत नाही. तो म्हणाला, खाली मी गेलोच नव्हतो.

आईंना सांगणं सगळ्यांत अवघड होतं. त्या गव्हातले खडे वेचत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"तू खाल्लीस? बाईमानसानं मुंडी खाल्लीस?"

"हो आई."

"तीन जत्रा?"

"हो."

"आनी तो?"

"भेंडी."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता हात उगारतील. मग म्हणाल्या, "मंग तू कशी जिती?"

मी म्हटलं, "तेच तर सांगते, आई."

त्या उठून आत गेल्या. ह्यांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. लेकाला काय म्हणायचं असेल ते म्हणाल्या असतील, मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी बाकावरून परत आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "नाथ्यानं बोकर इकला का रायला?" मी म्हटलं, राहिला असेल. तर म्हणाल्या, "मंग इचार ना. बसलीस काय?"

म्हणून विचारते. जागृती म्हणते, गोठा अजून रिकामा झालेला नाही, पांढरा आहे आणि चांद असलेलाही. पौर्णिमेला जत्रा आहे. बोकड तुमच्याच घरचा द्या. चंद्रीचा दिलात तरी चालेल, मी तर म्हणते चंद्रीचाच द्या.

मुंडी धाकट्याच्या घरी जाते. धाकट्याचं घर इथे कोपरीत आहे आणि आता त्यात मी आहे. गोविंदाच्या टेम्पोतून पाठवू नका, तुम्ही स्वतः घेऊन या. टॉवेल नवा हवा, नारळ हवा, सगळं रीतीप्रमाणे. मी ती या वेळी ओट्याजवळ उभी राहून खाणार नाही. बाहेरच्या खोलीत पाट मांडून, आईंच्या समोर, दार उघडं ठेवून खाणार आहे. शेजारच्यांना यायचं असेल तर येऊ दे. तुमच्यासाठी वालाची उसळ करते, कारण पाळणाऱ्याला मुंडी चालत नाही. आईंनी तुमचं पान त्यांच्या शेजारी मांडायला सांगितलं आहे. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुंडी भाजून झाल्यावर या वेळी कवटी जरा जपून फोडा. त्या वर्षी तुमचा कोयता डाव्या बाजूने घसरला होता, आणि भेज्यात नखाएवढी हाडाची कपची राहिली होती. माझी दाढ तिनेच गेली.

नीला